इंग्रजी शब्दांची फोड : उपसर्ग, प्रत्यय आणि आपली मराठी

शब्दपारखी

शाळेत प्रीफिक्स-सफिक्सचा धडा बहुतेक वेळा दोन रकान्यांच्या यादीवर संपतो. डावीकडे अन-, इन-, डिस-, मिस-, नॉन-. उजवीकडे सगळ्यांपुढे एकच अर्थ, 'नाही'. मग मूल 'अनपॉसिबल' लिहितं, त्यावर लाल फुली येते, आणि ती का आली हे यादीत कुठेच नसतं.

माझं म्हणणं असं की याचं उत्तर मराठीत आधीच आहे. 'साधेपणा', 'गंभीरपणा', 'बावळटपणा', अगदी 'स्मार्टपणा'सुद्धा चालतो. -पणा कुणालाही चिकटतो. पण -ता निवडक आहे. 'गंभीरता' होते, 'बावळटता' होत नाही, कारण -ता संस्कृतातून आला आणि तो शक्यतो संस्कृत शब्दांशीच सोयरीक करतो. इंग्रजीतही असेच थर आहेत: मूळचा इंग्रजी, त्यावर लॅटिन-फ्रेंच, त्यावर ग्रीक. -नेस हा त्यांचा -पणा. -इटी हा त्यांचा -ता. म्हणून 'सेन्सिटिव्हनेस' आणि 'सेन्सिटिव्हिटी' दोन्ही होतात, पण 'काइंड'चं फक्त 'काइंडनेस'. 'काइंडिटी' म्हणजे 'बावळटता'.

अन- आणि इन- यांचंही तेच. अन- घरचा, इन- लॅटिनचा. एवढं कळलं की निम्मी यादी पाठ करावी लागत नाही. आपण शब्दांची फोड करतो तशी इथे करू. शब्द देवनागरीतच लिहितोय, स्पेलिंग लागेल तिथे अक्षरांची नावं देऊ.

तीनतेरा

सोयरीक छान आहे, पण 'बेशुद्ध'चं काय? बे- फारसी, शुद्ध संस्कृत. 'गैरसोय' तर अरबी अधिक मराठी. म्हणजे थर मोडतात की.

शब्दपारखी

मोडतात, आणि इंग्रजीतही मोडतात. 'टेलिव्हिजन'मध्ये टेली ग्रीक, व्हिजन लॅटिन. 'ब्यूटिफुल'मध्ये ब्यूटी फ्रेंच, -फुल घरचा. 'रीडेबल'मध्ये उलटं, रीड घरचा आणि -एबल फ्रेंचमार्गे आलेला. 'ऑड'सारख्या नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) शब्दाला -इटी लागून 'ऑडिटी' झालंच आहे. थर ही भिंत नव्हे, उतार आहे. पाणी बहुतेक वेळा एकाच बाजूला वाहतं.

अवग्रह

'इम्पॉसिबल'मधला म कुठून आला ते सांगतो, कारण तो नियम तुम्हाला आधीच येतो.

सम् + गीत = सङ्गीत, सम् + ताप = सन्ताप, सम् + पूर्ण = सम्पूर्ण. पुढचं व्यंजन जिथून उच्चारायचं तिथलाच अनुनासिक येतो. यालाच परसवर्ण म्हणतात. लॅटिन इन- चं तसंच होतं. पुढे प, ब, म आले की इम- : इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इम्मॉरल. ल आला की इल-, र आला की इर- : इल्लीगल, इर्रेग्युलर. आपल्या उत् + लेख = उल्लेख, उत् + चार = उच्चार, सत् + जन = सज्जन यांतही हेच घडतं. 'इनकरेक्ट'मध्ये स्पेलिंगला एनच राहतो, पण भराभर बोलताना तिथे ङ् ऐकू येतो, अगदी 'संकट'सारखा.

आता गंमत बघा. हा बदल लॅटिनमध्येच झाला होता आणि इंग्रजीने तो तयार उचलला. घरच्या अन- ला तो लागू नाही. म्हणून 'अनपॉप्युलर', 'अनलॉफुल', 'अनरीड' हे जसेच्या तसे. 'इल्लीगल' आणि 'अनलॉफुल' यांचा अर्थ जवळपास एक, पण एकात संधी झाली आहे आणि दुसऱ्यात नाही.

याच संधीतून इंग्रजी स्पेलिंगमधली बरीच दुहेरी अक्षरं येतात. ॲड- म्हणजे 'कडे'. तो पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: ॲक्सेप्ट, अफर्म, ॲलोकेट, अनाउन्स, असिस्ट, अट्रॅक्ट. प्रत्येकात ते पुढचं अक्षर स्पेलिंगमध्ये दोनदा येतं. लॉजच्या पाट्यांवर 'ॲकोमोडेशन'मधला एक एम हमखास गळतो. फोड केली तर गळणार नाही: ॲड + कॉम + मोड + एशन. ॲड- चा डी पुढच्या सीमुळे सी झाला म्हणून दोन सी, कॉम- चा एक एम आणि मोड- चा दुसरा म्हणून दोन एम.

खडूफळा

वर्गात शिकवणाऱ्यांनी क्रम कोणता धरावा, हा खरा प्रश्न आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या शालेय वाचनातल्या शब्दांची मोजणी प्रसिद्ध झाली होती. अन-, री-, इन- (इम-, इल-, इर- धरून) आणि डिस- या चौघांनीच उपसर्ग असलेल्या शब्दांपैकी सुमारे ५८ टक्के शब्द व्यापले होते. म्हणून पन्नासची यादी फळ्यावर लिहू नका. आधी हे चार पक्के करा.

अन- की इन- हा गोंधळ सोडवायला दोन खुणा पुरतात. शब्दाच्या शेवटी -एड किंवा -इंग असेल तर जवळजवळ नेहमी अन- लागतो. 'इनकम्प्लीट' पण 'अनकम्प्लिटेड', 'इनडिसिसिव्ह' पण 'अनडिसायडेड', 'इनडायजेस्टिबल' पण 'अनडायजेस्टेड'. दुसरी खूण नामांची. विशेषणाला अन- असला तरी लॅटिन वळणाच्या नामाला बऱ्याचदा इन- लागतो: अनेबल पण इनॅबिलिटी, अनस्टेबल पण इन्स्टॅबिलिटी, अनईक्वल पण इनईक्वॅलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस. दहावीच्या कृतिपत्रिकेत उपसर्ग-प्रत्यय लावून शब्द तयार करायला सांगतात तेव्हा मुलं 'अनजस्टिस' इथेच अडकतात.

कुतूहल

अन- चे दोन अर्थ होतात का? 'अनहॅपी' म्हणजे आनंदी नाही. पण 'अनलॉक' म्हणजे कुलूप न लावणं नव्हे, लावलेलं काढणं.

अवग्रह

हे दोन वेगळे उपसर्ग आहेत, आज सारखे दिसतात एवढंच. विशेषणाला लागणारा अन- आपल्या अ-/अन् चा सख्खा भाऊ आहे. क्रियापदाला लागणारा दुसऱ्या मुळातून आला आणि त्याचा अर्थ 'केलेलं उलटवणं'. म्हणून तो उलटवता येण्याजोग्या क्रियांनाच लागतो: अनटाय, अनरॅप, अनडू, अनफोल्ड. 'अनईट' नाही, कारण खाल्लेलं परत आणता येत नाही. एकाच शब्दात दोन्हींपैकी कुठलाही बसू शकला की शब्दाचे दोन अर्थ होतात. 'अनलॉकेबल' कुलूप म्हणजे (अनलॉक) + एबल, उघडता येणारं. किंवा अन + (लॉकेबल), लावताच न येणारं. फोड कुठे करायची ते संदर्भ ठरवतो.

भाऊ म्हटलं ते उगाच नाही. आपल्याकडे व्यंजनापुढे अ-, स्वरापुढे अन्- : अशक्य, पण अन् + उचित = अनुचित. ग्रीकमध्ये अगदी हाच नियम आहे. व्यंजनापुढे 'एथिस्ट', 'एसिमेट्री'; स्वरापुढे 'ॲनार्की', 'ॲनिमिया'. ॲनिमिया म्हणजे अन् + रक्त. तसंच दुस्- आणि ग्रीक डिस- : डिस्पेप्सिया, डिस्लेक्सिया. परि- आणि पेरी-, प्र- आणि प्रो-, अंतर् आणि इंटर- हेही नात्यातलेच.

तीनतेरा

थांबा, डिसअग्री मधला डिस- आणि डिस्लेक्सियातला डिस- एकच का मग?

अवग्रह

नाही. चांगलं पकडलंत. 'डिसअग्री'तला लॅटिन, स्पेलिंग डी-आय-एस, अर्थ 'विलग, उलट'. 'डिस्लेक्सिया'तला ग्रीक, स्पेलिंग डी-वाय-एस, अर्थ 'कष्टाने, बिघडलेला'. देवनागरीत ते सारखे दिसतात, त्यामुळे आपली जास्त फसगत होते. वैद्यकीय शब्द असेल तर बहुधा वाय समजावा. 'डिसेबिलिटी' आणि 'डिसिन्फेक्टंट' या दोघांत मात्र आय आहे.

निदान

वैद्यकीय शब्दांचा विषय निघालाच आहे तर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवरचे सापळे सांगते. उच्चार जवळचे आणि अर्थ दूरचे, अशा जोड्या इथे सर्वांत जास्त आहेत.

हायपर- आणि हायपो-. हायपर = उपरि, हायपो = उप. दोन्ही जोड्या नात्याने जुळतात, त्यामुळे 'उपरि म्हणजे वर, उप म्हणजे खाली' हीच आठवण ठेवा. एक गडबड मात्र नेहमी होते. रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) वाढलेला दिसतो आणि निदान हायपोथायरॉइडिझम. 'वाढलंय तर हायपर कसं नाही?' उपसर्ग थायरॉइड ग्रंथीच्या कामाला लागलेला आहे, टीएसएचला नाही. ग्रंथी मंद झाली म्हणून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच जास्त सोडते. उपसर्ग कशाला लागलाय ते आधी बघायचं.

अँटे- आणि अँटी-. अँटेनेटल म्हणजे प्रसूतीपूर्व, अँटिबायोटिक म्हणजे जिवाणूंविरुद्ध. मराठीत दोन्ही 'अँटी' असेच ऐकू येतात. इंटर- म्हणजे दोहोंमध्ये, इंट्रा- म्हणजे आत. इंट्राव्हेनस म्हणजे शिरेच्या आत.

शेवटच्या प्रत्ययांत -आयटिस म्हणजे दाह (टॉन्सिलायटिस), -एक्टमी म्हणजे कापून काढणं, -ऑटमी म्हणजे छेद घेणं, -ऑस्टमी म्हणजे तोंड करून ठेवणं. ट्रेकिऑटमीत श्वासनलिकेला छेद घेतात, ट्रेकिऑस्टमीत तिथे नळीसाठी वाट करून ठेवतात. आणि -ओमा वाचून घाबरू नका. कार्सिनोमा कर्करोगच, पण लायपोमा ही चरबीची साधी गाठ, हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, आणि ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदूत तर गाठ नसतेच.

कुतूहल

मग पेडियाट्रिकमधला पेड आणि पेडलमधला पेड एकच का?

निदान

वेगळे. पेडल, पेडेस्ट्रियन, पेडिक्युअर यांतला लॅटिन, म्हणजे आपला 'पद'. पेडियाट्रिकमधला ग्रीक, म्हणजे मूल. ऑर्थोपेडिकमध्ये पायाचा पेड आहे असं वाटतं, पण तो मुलाचा आहे. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये मुलांची वाकडी शरीरं सरळ करण्याच्या विद्येला हे नाव दिलं. ऑर्थो म्हणजे सरळ. आज त्या दारात गुडघेदुखीचे आजोबा जास्त दिसतात.

ऱ्हस्वदीर्घ

आता स्पेलिंग. इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत: उपसर्ग लावताना कुणाचंच अक्षर जात नाही. मिस + स्पेल, म्हणून दोन एस. अन + नेसेसरी, म्हणून दोन एन. डिस + अपिअर, म्हणून एकच एस. पण डिस + सॅटिस्फाइड, म्हणून दोन. री + कमेंड, म्हणून सी एकच. लोक तिथे दोन सी घालतात कारण त्यांनी फोड 'रेक + ...' अशी मनात केलेली असते.

प्रत्ययाला मात्र जोडणीत काटछाट असते. शेवटचा मुका ई स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्ययापुढे जातो, व्यंजनापुढे राहतो: होपिंग, पण होपफुल. अपवाद थोडे आणि लक्षात ठेवण्यासारखे: ट्रूली, आर्ग्युमेंट, नाइन्थ. उलट 'नोटिसेबल' आणि 'मॅनेजेबल' यांत ई राहतो, कारण तो काढला तर सीचा उच्चार क आणि जीचा उच्चार ग होईल. तो ई मुका असला तरी पहारेकरी आहे.

-फुल लागताना एकच एल. त्यावर -ली आला की दोन, कारण फुल + ली. 'ॲक्सिडेंटली'तही ॲक्सिडेंटल + ली, म्हणून मधलं ए-एल गाळायचं नाही. -इक नंतर -ॲली लागतो, 'बेसिकली'सारखा. 'पब्लिकली' तेवढा अपवाद.

शेवटचं अक्षर दुप्पट कधी होतं? आघात बघा, म्हणजे बोलताना जोर कुठे पडतो ते. 'बिगिन'चा आघात शेवटी, म्हणून 'बिगिनिंग'मध्ये दोन एन. 'ओपन'चा सुरुवातीला, म्हणून 'ओपनिंग'मध्ये एकच. 'रिफर'चं 'रिफर्ड' होताना दोन आर, पण 'रेफरन्स'मध्ये एक, कारण आघात सरकून 'रे'वर गेला. एकाच धातूत नियम दोन्ही बाजूंनी सिद्ध होतो, म्हणून हे उदाहरण मला फार आवडतं. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये 'ट्रॅव्हलिंग'ला दोन एल लागतात. तिथे ते आघाताचं ऐकत नाहीत.

-एबल की -इबल? प्रत्यय काढल्यावर पूर्ण इंग्रजी शब्द उरला तर बहुधा ए (वॉश, रीड, ड्रिंक), अर्धवट तुकडा उरला तर बहुधा आय (हॉरिबल, व्हिजिबल, पॉसिबल). ॲक्सेसिबल, फ्लेक्सिबल, कन्व्हर्टिबल, सेन्सिबल हे नियम मोडतात. नवा शब्द बनवायचा असेल तर निमूट ए लावा. आय आता नव्याने कुणाला लागत नाही.

खडूफळा

ऱ्हस्वदीर्घ यांनी आघात काढलाच आहे, तर मराठी भाषकांची सर्वांत मोठी अडचण इथेच आहे. आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत प्रत्यय दोन जातींचे आहेत. -नेस, -लेस, -फुल, -मेंट, -ली हे आघात हलवत नाहीत. -इक, -इटी, -शन हलवतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर, 'फोटोग्राफी'त 'टॉ'वर, 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. -इक, -शनच्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर पडतो. -इटीच्याही आधीच्याच: 'अबिलिटी'त 'बि'वर, 'इलेक्ट्रिसिटी'त 'ट्रि'वर. आणि पुन्हा तेच थर: न हलवणाऱ्यांत बहुतेक घरचे, हलवणारे बाहेरचे.

जोरासोबत स्वरही बदलतो. सेन, पण सॅनिटी. प्रोनाउन्स, पण प्रोनन्सिएशन. 'प्रोनाउन्सिएशन' ही चूक उच्चाराच्याच धड्यात ऐकू येते, हे विशेष. मेन्टेन, पण मेंटेनन्स. एक्स्प्लेन, पण एक्स्प्लनेशन, आणि दोन्ही नामांत स्पेलिंगमधला आय गळतो.

तीनतेरा

-लेस म्हणजे 'लेस', कमी. मग 'केअरलेस' म्हणजे कमी काळजी घेणारा. निष्काळजी नव्हे, अल्पकाळजी!

अवग्रह

ही फोड फसवी आहे. हा -लेस 'कमी'वाल्या शब्दाशी संबंधित नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'विरहित' होता. आपला -हीन तोच. आणि अर्थ शब्दशः घेऊ नका: 'प्राइसलेस' आणि 'इनव्हॅल्युएबल' दोन्ही म्हणजे अमूल्य, 'वर्थलेस' म्हणजे कवडीमोल. आपलं 'अमूल्य' तरी वेगळं काय करतं?

शब्दपारखी

'नाही'च्या छटा मराठीतून सांगितल्या तर पटकन बसतात. इनह्यूमन = अमानुष, नॉन-ह्यूमन = मानवेतर. इम्मॉरल = अनैतिक, एमॉरल = नीतीशी देणंघेणंच नसलेला. मिसयूझ = गैरवापर, डिसयूझ = वापरात नसणं. अनइन्फॉर्म्ड = माहिती नसलेला, मिसइन्फॉर्म्ड = चुकीची माहिती असलेला. मिसइन्फर्मेशन चुकून पसरते, डिसइन्फर्मेशन मुद्दाम पसरवतात. नॉन- थंड आहे, फक्त 'त्यात मोडत नाही' एवढं सांगतो. इन- आणि अन- बरेचदा ठपका ठेवतात. कुणाला 'नॉन-प्रोफेशनल' म्हटलं तर तो हौशी. 'अनप्रोफेशनल' म्हटलं तर भांडण.

कुतूहल

फोड चुकत नाहीये ना हे कसं तपासायचं? 'अंकल'मध्ये अन- नाही हे कळतं, पण 'रिझाइन'मध्ये री- आहे का?

खडूफळा

दोन चाळण्या लावा. तुकडा काढल्यावर शब्द उरतो का? आणि त्याच्या अर्थातून पूर्ण शब्दाचा अर्थ निघतो का? 'रीच'मधून री- काढला तर 'च' उरतो, पहिल्याच चाळणीत गळला. 'रिझाइन'मधून 'साइन' उरतो, पण राजीनामा म्हणजे पुन्हा सही नव्हे. दुसऱ्या चाळणीत गळला. पुन्हा सही करायची असेल तर हायफन देऊन 'री-साइन' लिहितात, तसंच 'री-कव्हर'. कानालाही कळतं: जिवंत री- दीर्घ, मुरलेला रि ऱ्हस्व. मुरलेल्या शब्दांचा इतिहास रंजक असतो, पण सातवीच्या मुलाला तो नको.

-ली साठी वेगळी चाळणी. विशेषण + ली = क्रियाविशेषण (क्विकली). नाम + ली = विशेषण (फ्रेंडली, कॉवर्डली). म्हणून 'ही स्पोक फ्रेंडली' चुकतं. 'इन अ फ्रेंडली वे' लागतं.

लांब शब्द बाहेरून सोलायचा, कांद्यासारखा. 'अनफ्रेंडलिनेस' : आधी -नेस काढा, मग अन-, मग -ली, उरला फ्रेंड. परत चढवताना प्रत्येक पायरीला तयार होणारा शब्द खरा असला पाहिजे. 'अनफ्रेंडली' आहे, 'फ्रेंडली' आहे. 'लिनेस' असं काही नाही, म्हणजे तो एक तुकडा नव्हे. वायचा आय झाला आहे हेही इथेच दाखवता येतं.

अवग्रह

'इंडिपेंडन्स' सोलून बघा. इन + डी + पेंड + एन्स. डी- म्हणजे खाली, पेंड म्हणजे लटकणे. आता 'अवलंबून' : अव- म्हणजे खाली, लंब म्हणजे लटकणे. दोन भाषांनी एकच चित्र काढलं आहे. हे नातं नव्हे, कल्पना जुळली आहे.

कुतूहल

शेवटचं एक. टँकरवर 'हायली इनफ्लॅमेबल' लिहितात. इन- म्हणजे नाही, तर मग पेटत नाही का?

शब्दपारखी

पेटतं, आणि चांगलंच पेटतं. लॅटिनमध्ये इन- दोन होते, एक 'नाही' आणि एक 'आत'. इथला दुसरा. 'इनफ्लेम' म्हणजे पेटवणे, त्याला -एबल लागला. फोड (इनफ्लेम) + एबल, इन + (फ्लॅमेबल) नव्हे. ही चूक जिवावर बेतू शकते म्हणून आता सुरक्षा-खुणांवर 'फ्लॅमेबल' लिहिण्याकडे कल आहे. दोघांचा अर्थ एकच. न पेटणारं असेल तर 'नॉन-फ्लॅमेबल'.